नमुना आणि माल : हातमोज्यांच्या धंद्यातील आमची वाटचाल

आमच्या फर्मची सुरुवात १९८७ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका भाड्याच्या गाळ्यात, शिलाईच्या चार मशीन आणि कातडे कापण्याच्या एका हातप्रेसवर झाली. माझे वडील त्याआधी ठाण्यातल्याच एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअरकीपर होते. घरात आणि पुढे कारखान्यातही सगळे त्यांना अण्णा म्हणत. वेल्डिंग विभागाला महिन्याला हातमोज्यांच्या किती जोड्या लागतात, त्यांतल्या किती पंधरा दिवसांत फाटून परत येतात आणि त्या नेमक्या कुठे फाटतात, हे त्यांनी बारा वर्षे स्टोअरच्या खिडकीत बसून पाहिले होते. मोजा बहुधा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात उसवतो, कातडे शाबूत असते आणि दोरा जळालेला असतो, हे त्यांचे निरीक्षण होते आणि आमचे सगळे भांडवलही तेवढेच होते. बेचक्यात कातड्याची जादा पट्टी घालून शिवलेला त्यांचा मोजा पहिल्या वर्षी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या तीन कंपन्यांनी घेतला आणि घर चालू लागले.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन १९९९ मध्ये धंद्यात आले, तेव्हा ठाण्यातले कारखाने एकामागून एक बंद होऊन त्यांच्या जागी टॉवर उभे राहत होते, म्हणजे आमचे गिऱ्हाईकच गाव सोडून चालले होते. २००९ मध्ये आम्ही रबाळे एमआयडीसीत स्वतःचा गाळा घेतला. त्या दहा वर्षांबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही. उधारी, दर आणि पुन्हा उधारी एवढाच त्यांचा गोषवारा आहे. खरी वाटचाल २०१५ मध्ये, रॉटरडॅमच्या एका आयातदाराच्या ई-मेलने सुरू झाली. त्यांना चामड्याचे वेल्डिंगचे हातमोजे हवे होते, दर मान्य होता, आणि शेवटी एकच ओळ होती : सीई प्रमाणपत्राची प्रत पाठवावी.

सीई ही माल युरोपच्या कायद्याला धरून असल्याची खूण असते. ती म्हणजे मोज्यावर छापायची नुसती दोन अक्षरे, अशी तेव्हा आमची समजूत होती आणि ती समजूत पक्की करणारा माणूसही आम्हाला लगेच भेटला. ठाणे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बसून त्या सल्लागाराने पंचवीस हजार रुपयांत आणि आठ दिवसांत प्रमाणपत्र आणून देण्याचे कबूल केले. त्याने मोजा मागितला नाही, फक्त मोज्याचा फोटो आणि लेटरहेड मागितले. आठव्या दिवशी सोनेरी किनारीचा, ताऱ्यांचे वर्तुळ छापलेला एक सुंदर कागद आला, आणि त्यासोबत मोज्यावर सीईच्या शेजारी चार आकडी क्रमांकही छापावा अशी सूचना आली. आम्ही ती प्रत रॉटरडॅमला पाठवली. उत्तर दोन ओळींचे होते. ज्या संस्थेने हा कागद दिला आहे तिला युरोपात मान्यता आहे, पण ती यंत्रसामग्रीसाठी आहे, व्यक्तिगत संरक्षक साधनांसाठी नाही. आणि तुमचा मोजा दुसऱ्या श्रेणीतला असल्यामुळे सीईच्या शेजारी क्रमांक छापायचाच नसतो.

मान्यताप्राप्त संस्थांची, म्हणजे तिथल्या भाषेत नोटिफाइड बॉडींची, नॅन्डो नावाची यादी युरोपीय आयोग सर्वांसाठी खुली ठेवतो आणि कोणती संस्था कोणत्या कायद्याखाली प्रमाणपत्र देऊ शकते हे तिच्यात पाच मिनिटांत पाहता येते. आमचे पंचवीस हजार त्या पाच मिनिटांच्या आळसाचे होते. त्या सल्लागारावर मी बरीच वर्षे मनातल्या मनात चिडून होते, परंतु मोजा न पाहता मोज्याचे प्रमाणपत्र मिळू शकते यावर आमचा विश्वास बसला होता, ही गोष्ट त्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

श्रेणींची भानगड इथे थोडक्यात सांगते, कारण नव्याने निर्यातीत उतरणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. युरोपचा कायदा साधनाकडे पाहत नाही, ते कोणत्या धोक्यापासून वाचवते त्याकडे पाहतो. बागकामाचे किंवा भांडी घासण्याचे मोजे पहिल्या श्रेणीत येतात. त्यांच्यासाठी उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर घोषणापत्र दिले की पुरते. जिवावर बेतणारे किंवा कायमचे नुकसान करणारे धोके, म्हणजे घातक रसायने, विजेचा धक्का, उंचावरून पडणे यांसारखे, तिसऱ्या श्रेणीत येतात. त्या साधनाचा नमुना तपासला जातोच, शिवाय पुढच्या उत्पादनावरही नोटिफाइड बॉडीची देखरेख राहते आणि म्हणून सीईच्या शेजारी तिचा क्रमांक येतो. या दोहोंच्या मधले सारे दुसऱ्या श्रेणीत पडते. आमचा मोजा तिथे बसतो : नमुना एकदा तपासून घ्यायचा आणि नंतरचा माल नमुन्याबरहुकूम आहे हे आपले आपण पाहायचे. यातला दुसरा अर्धा भाग आम्ही तेव्हा सवलत म्हणून वाचला.

२०१६ मध्ये आम्ही यादीत पाहून ब्रिटनमधील एका संस्थेकडे रीतसर अर्ज केला. तिची फी आमच्या कारखान्याच्या दोन महिन्यांच्या पगाराइतकी होती आणि ती भरताना अण्णांनी मला दोनदा विचारले, ‘यात मोजा तरी बघतात ना?’ अर्जासोबत तांत्रिक फाइल द्यावी लागते. तिच्यात नकाशा, साहित्याची यादी आणि चाचणी अहवाल तर असतातच, परंतु मोजा कोणत्या जोखमीसाठी आहे, ती जोखीम कुठून येते आणि मोजा तिला कसा पुरा पडतो याचेही विवेचन असते. ते प्रकरण मी अण्णांना समोर बसवून लिहिले. ते सांगत गेले आणि मी इंग्रजी करत गेले. बेचक्यातली जादा पट्टी, जळणारा दोरा, कफमध्ये शिरणाऱ्या ठिणग्या हे सगळे तीस वर्षांपूर्वीच्या स्टोअरच्या खिडकीतून थेट त्या फाइलमध्ये आले. संस्थेने फाइलमधल्या इतर प्रत्येक प्रकरणावर शंका काढल्या, या एका प्रकरणावर काढली नाही.

मापांनी मात्र आमची गंमत केली. आम्ही आयुष्यभर एकच ‘फ्री साइज’ शिवत आलो होतो. तेव्हाच्या युरोपीय मानकात दहा नंबरच्या मोज्यासाठी तळव्याचा घेर २५४ मिलिमीटर आणि हाताची लांबी २०४ मिलिमीटर धरत, अकरा नंबरसाठी २७९ आणि २१५. टेप घेऊन मी कारखान्यातल्या सगळ्यांचे हात मोजले, तेव्हा अकरा नंबरचा एकही हात निघाला नाही. शेवटी माल न्यायला आलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरचा पंजा मापात बसला, आणि पुढचे दोन महिने तो आला की आधी हात आणि मग चहा असा क्रम ठरून गेला. त्याच मानकात हाताच्या चपळाईची एक चाचणी होती : मोजा घालून टेबलावरची धातूची पिन तीस सेकंदांत तीन वेळा उचलायची, आणि जितकी बारीक पिन उचलता येईल तितका दर्जा वरचा. अकरा मिलिमीटर जाडीची पिन पहिल्या दर्जाची, पाच मिलिमीटरची पाचव्या. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवर आम्ही अशा पाच पिना करून घेतल्या. त्या अजूनही आमच्या चेकिंगच्या टेबलावर एका स्टीलच्या वाटीत असतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले तिच्याकडे येते. चाचणीसाठी जोड्या पाठवायची वेळ आली, तेव्हा मुलगी दाखवायच्या दिवशी घर जसे सजवतात तसे आम्ही वागलो. कातड्याच्या प्रत्येक पानात पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो, पोटाकडचा भाग सैल आणि ताणणारा. आमच्या कटिंगमास्तरांनी नमुन्याचे तळवे निवडून फक्त पाठीतून कापले, सर्वांत जुन्या कारागीर बाईंनी ते शिवले आणि मी स्वतः एकेक टाका पाहिला. ईएन ३८८ या हातमोज्यांच्या युरोपीय मानकात घर्षणाची चाचणी अशी असते की मोज्याच्या तुकड्यावर ठरावीक खरकागद फिरवत राहायचा आणि भोक किती फेऱ्यांनी पडते ते पाहायचे : शंभर फेऱ्या टिकला तर दर्जा १, पाचशेला २, दोन हजारांना ३ आणि आठ हजारांना ४. चार तुकड्यांतला सर्वांत कमजोर तुकडा जितका टिकेल तोच दर्जा मोज्याला मिळतो. आमच्या सजवलेल्या मोज्याचे चारही तुकडे आठ हजारांच्या पुढे गेले. अहवाल हातात पडला तेव्हा कारखान्यात पेढे वाटले गेले.

पेढे संपल्यावर कटिंगमास्तर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. रोजच्या कामात एका पानातून निघणाऱ्या तळव्यांपैकी किती पाठीतून येतात आणि किती पोटाकडून, याचा हिशेब त्यांनी एका बिलामागे पेन्सिलीने मांडून आणला होता. चार नंबर छापायचा असेल तर पोटाकडचे कातडे तळव्याला वापरता येणार नव्हते, आणि ते वगळले तर रॉटरडॅमला दिलेल्या दरात एकही डझन निघत नव्हता. इथल्याच प्रयोगशाळेत रोजच्या ढिगातले तुकडे तपासून घेतले. ते दोन हजारांच्या पुढे आणि आठ हजारांच्या बरेच आत थांबले. म्हणजे आमचा खरा मोजा तीनचा होता. वास्तविक वेल्डिंगच्या मोज्यांचे जे स्वतंत्र मानक आहे, ईएन १२४७७, ते जाड मोज्यांसाठी घर्षणाचा दर्जा किमान २ इतकाच मागते. तीन नंबर आम्हाला भरपूर होता आणि चार आम्हाला कोणी मागितलाही नव्हता. मी संस्थेला पत्र लिहून रोजच्या मालातल्या जोड्या पुन्हा तपासण्याची आणि दर्जा उतरवून देण्याची विनंती केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असे अण्णा हसत म्हणाले. दुसऱ्या चाचणीची फी मात्र मुकाट्याने भरली. २०१७ मध्ये प्रमाणपत्र मिळाले, त्यावर तीन आहे.

पहिला माल त्याच वर्षी न्हावा शेव्याहून गेला. त्याबरोबर घोषणापत्र आणि वापराची माहितीपत्रके डच, जर्मन आणि फ्रेंचमध्ये द्यावी लागली, कारण माल ज्या देशात विकायचा त्या देशातल्या वापरणाऱ्याला कळेल अशी भाषा कायदा मागतो. भाषांतर आयातदाराने केले होते, छपाई तुर्भ्यात झाली. गठ्ठे बांधता बांधता चेकिंगच्या मावशींनी एक पत्रक माझ्यापुढे धरले आणि विचारले, ‘ताई, हे लोक दर ओळीत प्रश्न का विचारतात?’ छापखान्याच्या संगणकावर जर्मन अक्षरांवरची टिंबे हरवून त्या प्रत्येक जागी प्रश्नचिन्ह आले होते. मावशींना जर्मन येत नाही, इंग्रजीही येत नाही. परंतु तीस वर्षे त्या फक्त चूक शोधायचेच काम करत आल्या आहेत.

व्यक्तिगत संरक्षक साधनांविषयीचा युरोपचा १९८९ चा निर्देश जाऊन त्याच्या जागी २१ एप्रिल २०१८ पासून २०१६/४२५ क्रमांकाचा विनियम लागू झाला. त्याने आमच्या मोज्यात काही बदलले नाही, कागदात मात्र बदलले. उत्पादकासोबत आयातदाराचे नाव आणि टपालाचा पत्ता लेबलावर अथवा वेष्टनावर हवा, कागदपत्रे दहा वर्षे जपून ठेवायची, प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. शिवाय माल नियमाला धरून आहे याची खात्री करून घेणे हे आयातदाराचेही कायदेशीर कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले गेले. हे मी वाचले होते, पण त्याचा अर्थ मला वर्षभराने कळला.

२०१९ च्या प्रयागराज कुंभमेळ्यासाठी गंगेचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून कानपूरच्या टॅनऱ्या, म्हणजे कातडे कमावण्याचे कारखाने, काही महिने बंद ठेवण्यात आल्या. आमचे कातडे तिथूनच येत असे. ऑर्डर हातात होती, कंटेनरची तारीख ठरली होती, आणि आम्ही बाजारातून दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडचे कातडे घेतले. रंग तोच होता, जाडी तीच होती, दरही दोन रुपयांनी कमी होता. माल गेला. सहा आठवड्यांनी रॉटरडॅमहून कळले की आयातदाराने दोन पेट्यांतल्या जोड्या आपल्या प्रयोगशाळेत तपासल्या असून कातड्यात क्रोम सिक्स, म्हणजे सहा संयुजेचे क्रोमियम, सापडले आहे. मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅमची, आणि आकडा सातच्या वर.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून ही नामुष्की मला अधिक लागली. कातडे कमावताना क्रोमियमचे जे क्षार वापरतात ते तीन संयुजेचे असतात आणि त्यांनी त्वचेला सहसा अपाय होत नाही. कमावलेल्या कातड्याला मऊपणा यावा म्हणून नंतर त्यात तेल मुरवतात. ते तेल हलक्या प्रतीचे असेल, त्यात हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावणारे घटक जास्त असतील, आणि पुढे कातडे कोरड्या उष्णतेत पडून राहिले, तर त्यातलेच काही क्रोमियम सहा संयुजेचे होते. त्याने हाताला पुरळ उठते, आणि एकदा ती ॲलर्जी जडली की बहुधा जन्माची जडते. म्हणूनच मे २०१५ पासून युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंवर ही मर्यादा आहे. व्यापाऱ्याने तेल कोणते वापरले आहे हे मी विचारले नव्हते. आणि ते कातडे एप्रिलभर कुठे पडून होते? आमच्याच गाळ्यात, पत्र्याखालच्या माळ्यावर.

चारशे ऐंशी डझन जोड्या आमच्या खर्चाने तिथेच नष्ट कराव्या लागल्या. संस्थेने आम्हाला काहीच विचारले नाही, कारण दुसऱ्या श्रेणीत ती विचारायला येतच नाही. उलट कातड्यासारखा मूळ घटक बदलला तर तिला कळवण्याचे काम आमचे होते आणि आम्ही कळवले नव्हते. आमचे प्रमाणपत्र त्या दिवशीही भिंतीवर होते, मुदतीत होते, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता; फक्त तो मोजा आम्ही त्या कंटेनरमध्ये भरला नव्हता. आयातदाराने संबंध तोडले नाहीत, याचे श्रेय मी त्यांच्या मोठेपणाला देते तितकेच ही गोष्ट आम्ही त्यांच्यापासून लपवली नाही यालाही देते. पुढची ऑर्डर मात्र निम्मी आली.

तेव्हापासून कातड्याचा प्रत्येक नवा गठ्ठा आला की त्यातून हातभर तुकडा कापून, तारीख आणि टॅनरीचे नाव लिहून पाकिटात ठेवला जातो, आणि दुसरा तुकडा तपासणीला जातो. ती तपासणी आम्ही चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून करून घेतो, आणि तीही कातडे ऐंशी अंशांच्या कोरड्या उष्णतेत चोवीस तास ठेवल्यानंतर, म्हणजे माळ्यावरचा एप्रिल आधीच अंगावर घेऊन. अहवाल येईपर्यंत तो गठ्ठा कटिंगला देत नाहीत, मग कंटेनरची तारीख कोणतीही असो. माळा आता रिकामा आहे. तिथे फक्त जुन्या डाय ठेवल्या आहेत. या नियमामुळे वर्षातून एकदोनदा कारागीर बसून राहतात आणि त्यांचा तो पगार मी खर्चात धरूनच दर देते. दर ऐकून काही गिऱ्हाइके फोन ठेवतात.

२०२० मध्ये साथ आली आणि आमच्या ओळखीतला प्रत्येक शिंपी, प्लॅस्टिकवाला आणि छापखानेवाला संरक्षक कपडे आणि मास्क करू लागला. ज्यांना ते युरोपला पाठवायचे होते त्यांचे मला फोन येत, आणि तीन जणांनी पाठवलेल्या प्रमाणपत्रांवर तीच सोनेरी किनार आणि तेच ताऱ्यांचे वर्तुळ होते. त्या वसंतात अशा अवैध कागदांविरुद्ध युरोपात जाहीर इशारेही निघाले. तिघांनाही मी नॅन्डो उघडून दाखवले, दोघांनी ऐकले. त्याच वर्षी आम्हाला आणखी एक पळापळ करावी लागली : ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यामुळे १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या संस्थांची नोटिफाइड बॉडी ही मान्यता संपणार होती, आणि आमचे प्रमाणपत्र तिथलेच होते. वर्ष संपण्याआधी ते संघातल्या एका संस्थेकडे, नव्या विनियमाखाली, नेऊन घेतले. अण्णांनी पाहिलेला तो शेवटचा कागद. त्यांनी चष्मा लावून आधी आकडा पाहिला. तीनच होता.

पाच वर्षांनी, २०२५ मध्ये, नूतनीकरण आले. मुदत संपण्याच्या बारा महिने आधीपासून सहा महिने आधीपर्यंत अर्ज करायचा असतो, आणि सोबत नव्या जोड्या पाठवायच्या होत्या. त्या दिवशी पॅकिंगला लागलेल्या पेट्यांचे क्रमांक मी चिठ्ठ्यांवर लिहिले आणि त्या पिनांच्या स्टीलच्या वाटीत टाकल्या. कटिंगमास्तर आता निवृत्त झाले आहेत, त्यांचा पुतण्या ते काम पाहतो. मावशींनी चार चिठ्ठ्या काढल्या, पुतण्याने त्या क्रमांकांच्या पेट्या उघडल्या आणि वरच्या थरातल्या नव्हे तर खालच्या थरातल्या जोड्या बाहेर काढल्या. एका जोडीच्या डाव्या तळव्यात पोटाकडच्या कातड्याची सैलसर सुरकुती दिसत होती. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मावशींनी ती जोडी उचलली, उलटी करून बेचक्यातली शिवण पाहिली आणि पाकिटात घालून वर क्रमांक लिहिला.